मुलं कंटाळत नाहीत का?

मी मूळची सांगलीची, पण बेंगळुरूत राहून बावीस वर्षं झाली. शनिवारी संध्याकाळी बिल्डिंगमधली आठ-दहा मुलं माझ्याकडे कर्नाटक संगीत शिकायला येतात. गावी गेलं की कुणीतरी विचारतंच, "अगं, आजकालची मुलं ही देवाची गाणी शिकतात? कंटाळत नाहीत?"

खरं सांगते: कंटाळतात. सरळे वरसेला, म्हणजे सुरांच्या सरळ चढ-उताराच्या पाठांना तर हमखास. सुरुवातीचे हे पाठ कन्नड संतकवी पुरंदरदासांनी (१४८४–१५६४) घालून दिले, असं परंपरा मानते. राग मायामाळवगौळ, म्हणजे आपल्या भैरवाचेच सूर. आधी सरळे, मग जंटी (जोडसुरांचे पाठ), मग अलंकार (तालांतले पाठ), आणि तेव्हा कुठे पहिलं गीत. तोवर निम्मी मुलं पोहायला किंवा कराटेला गेलेली असतात.

ही शिडी मी मोडत नाही, पण पहिल्याच महिन्यात 'लंबोदर लकुमिकर' हे गणपतीचं गीत शिकवते. वही न उघडता, तोंडी. त्याचा मलहरी राग मायामाळवगौळातूनच निघालेला, त्यामुळे घोटलेले सूर लगेच कामाला येतात. एकदा मराठी घरातल्या नऊ वर्षांच्या मुलीला त्यातलं 'सिंधुरवर्ण' म्हणजे शेंदराच्या रंगाचा, असं सांगत होते. पुढे 'लंबोदर' आलं आणि ती अडली. "काकू, हा आपल्या आरतीतला?" आणि माझी वाट न बघता 'पीतांबर फणिवरबंधना' आरतीच्या चालीत सुरूही केलं! मांडीवरचा रूपक ताल गेला उडत. त्या दिवशी मी ताल सुधारला नाही.

शब्द कळल्याशिवाय भक्तिगीत गाऊन घेणं मला पटत नाही. रामभक्त संगीतकार त्यागराजांच्या (१७६७–१८४७) कृती, म्हणजे रचना, बहुतेक तेलुगूत, ती ना मला बोलता येते ना बहुतेक मुलांना. म्हणून आधी अर्थ, कन्नड-हिंदी-इंग्रजीची खिचडी करून. 'निधि चाल सुखमा' घेताना आख्यायिकाही सांगते: तंजावरच्या सरफोजीराजांनी दरबारात गायला बोलावलं, नजराणा पाठवला, आणि त्यागराजांनी धन सुखाचं की रामाची सेवा, असं विचारत तो परत केला. राजा भोसल्यांचा, हे ऐकून मराठी मुलं जरा ओशाळतात. बाकीची विचारतात, "किती पैसे होते?"

स्पर्धांना मात्र मी मुलं पाठवत नाही. पाच मिनिटांच्या बक्षिसासाठी एकच कृती वर्षभर घोटायची, याचा मला राग आहे. (आईबाप माझ्यावर रागावतात, तेही चालतं.)

खरी गळती तेराव्या-चौदाव्या वर्षी लागते, मुलग्यांची. आमच्यातल्या एकाचा आवाज फुटला आणि तो दोन शनिवार आलाच नाही. त्याला घरी बोलावलं, मोबाइलवरच्या तंबोऱ्याची पट्टी काळी तीनवरून पांढरी एकवर, म्हणजे बरीच खाली आणली आणि एकट्याला बसवलं. वर्गात त्याने फक्त ताल धरायचा, असं ठरलं. आठ मात्रांच्या आदितालाची टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट. तो भिंतीला टेकून निमूटपणे मोजत बसायचा.

मागच्या शनिवारी मुली काळी चारमध्ये, म्हणजे उंच पट्टीत गात होत्या, तेव्हा मागून खालच्या सप्तकात गुणगुण ऐकू आली. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर थांबला असता.