भरावावरची शहरं

भाचीला दोन विद्यापीठांतून बोलावणं आलंय, एक बॉस्टनचं आणि एक सिॲटलचं. परवा फोनवर म्हणाली, "मावशी, तू दोन्हीकडे राहिलीयेस. कुठलं शहर चांगलं ते सांग." मी विचारलं, "वरून सांगू की खालून?" तिला वाटलं, मावशीचं आपलं काहीतरी नेहमीचं.

पण माझा धंदाच खालून बघण्याचा आहे. इमारत उभी राहण्याआधी जमिनीत बोअर मारायचे, माती काढायची आणि ती किती भार पेलेल ते सांगायचं. या कामाच्या निमित्ताने बॉस्टन, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को आणि आता सिॲटल असा प्रवास झाला. ऑफिसच्या कपाटात माझ्याकडे चार बरण्या आहेत, एकेका शहराच्या मातीची एकेक. नवरा त्यांना लोणच्याच्या बरण्या म्हणतो.

आधी वरून. शहर कसं आहे हे मला तिथल्या ड्रिलरवरून कळतं. बॉस्टनचा ड्रिलर पहिले तीन आठवडे खोलीच्या आकड्यांपलीकडे एक शब्द बोलला नाही. चौथ्या आठवड्यात पारा उणे पंधरावर गेला, तेव्हा त्याने गाडीतून लोकरीचे जाड मोजे आणून माझ्यापुढे टाकले आणि म्हणाला, "घाल. गोठलीस तर कामाची नाहीस." अख्खं बॉस्टन असंच आहे. तिथे बर्फ पडला की लोक तासभर खपून गाडीपुरती जागा मोकळी करतात आणि कामावर जाताना तिथे मोडकी खुर्ची ठेवून जातात. खुर्ची म्हणजे सातबाराच. मला हे माहीत नव्हतं. पहिल्याच हिवाळ्यात मी एक खुर्ची उचलून फुटपाथवर ठेवली आणि तिथे आमची गाडी लावली. समोरच्या आजीबाईंनी खिडकी उघडून माझा असा उद्धार केला की गिरगावातल्या नळावरच्या बायका आठवल्या. दुसऱ्या दिवशी त्याच आजीबाई फावडं घेऊन खाली आल्या आणि बर्फ कंबरेने नाही, गुडघ्याने कसा उचलायचा ते त्यांनी मला शिकवलं.

न्यूयॉर्कमध्ये ड्रिलर, त्याचा मदतनीस आणि ट्रकवाला तिघं एकाच वेळी ओरडत असतात आणि भांडण मिटेपर्यंत काम झालेलं असतं. दादर स्टेशनावर वाढलेल्या माणसाला तिथे काहीही नवीन वाटत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या ड्रिलरने पहिल्याच दिवशी मला माझे योगगुरू कोण असं विचारलं. मी म्हटलं, शाळेतले पीटीचे सर.

सिॲटलचे लोक सगळ्यात गोड. "एकदा भेटूच आपण" हे वाक्य मी पाच वर्षं ऐकतेय, पण ते एकदा काही उजाडत नाही. या थंड गोडव्याला तिथलेच लोक 'सिॲटल फ्रीझ' म्हणतात. पावसाबद्दल मात्र या शहराची उगाच बदनामी झालीय. वर्षाचा पाऊस चाळीस इंचांच्या आतच, न्यूयॉर्कपेक्षाही कमी. आपल्याकडे सांताक्रूझला एकट्या जुलैत जवळपास तेवढा कोसळतो. फक्त इथला पाऊस पडत नाही, नुसता रेंगाळतो. छत्री उघडणारा माणूस पाहुणा समजायचा.

किनाऱ्यावरच्या मोठ्या शहरांपैकी लॉस एंजेलिस यात नाही, कारण तिथे मी फक्त विमान बदललंय. शिवाय ते शहर मुळात समुद्रापासून पंधरा-वीस मैल आत वसलेलं. बंदर हवं म्हणून त्याने १९०६ साली एक चिंचोळी पट्टी हद्दीत ओढली आणि १९०९ साली त्या पट्टीच्या टोकाचं सॅन पेड्रो गिळलं.

आता खालून. बोअरमध्ये पोकळ नळी ठोकतात, साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा पाऊण मीटरवरून पुन्हा पुन्हा सोडून. फूटभर उतरायला किती ठोके लागले ते मोजायचं. नळी वर आली की ती उभी उघडायची. त्या क्षणाची मला अजून उत्सुकता असते.

बॉस्टनच्या बॅक बे भागात वर वाळू-खडी लागते, तिच्याखाली काळा कुजका गाळ आणि मग निळसर राखाडी चिकणमाती. साबणाच्या वडीसारखी कापली जाते ती. वरची खडी तिथली नव्हेच. एकेकाळी तिथे खाडी होती. १८२१ साली गिरण्यांसाठी बांध घातल्यावर तिचं गटार झालं आणि वासाने लोक हैराण झाले. मग १८५८ पासून नीडहॅमच्या टेकड्या पोखरून आगगाडीने खडी आणली आणि काही दशकांत खाडी बुजवली. आज तिथे शहरातले सगळ्यात महागडे रस्ते आहेत, नावंही इंग्रजी बाराखडीसारखी ओळीने: आर्लिंग्टन, बर्कली, क्लॅरेंडन, डार्टमथ. तिथल्या ट्रिनिटी चर्चखाली साडेचार हजार लाकडी खांब आहेत. ते पाण्यात बुडालेले राहिले तरच टिकतात, उघडे पडले की कुजतात. म्हणून शहरभर शेकडो नळ्या पुरून भूजलाची पातळी मोजत बसतात. पाणी चढेल म्हणून घाबरणारी आपली माणसं आणि पाणी उतरेल म्हणून घाबरणारी ही.

न्यूयॉर्कच्या बरणीत विटांचे तुकडे आहेत. मॅनहॅटनची वॉटर स्ट्रीट आज पाण्यापासून चांगलीच आत आहे, कारण पुढचं सगळं नंतर भरलेलं. बॅटरी पार्क सिटीची ९२ एकर जमीन करताना वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या पायातून निघालेली माती वापरली. पूर्वेकडे तेविसाव्या रस्त्याच्या पुढे तर इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहराचा मलबा आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथे बॉम्ब पडले आणि माल उतरवून रिकामी परतणारी जहाजं वजनासाठी तीच पडकी घरं भरून आली.

सॅन फ्रान्सिस्कोत हातोडा सोडावाच लागत नाही. खाडीच्या गाळात नळी कधीकधी स्वतःच्या वजनानेच उतरते, ठोके शून्य. १८४९ साली सोन्याच्या हव्यासाने आलेले खलाशी जहाजं बंदरात टाकून खाणींकडे पळाले. त्यातली कित्येक जहाजं भरावात तशीच गाडली गेली आणि आज बँकांच्या इमारती त्यांच्यावर उभ्या आहेत. सिॲटलच्या पायोनियर स्क्वेअरमध्ये नळीतून चक्क लाकडाचा भुसा येतो, जुन्या लाकूड गिरणीचा. १८८९ च्या आगीनंतर त्यांनी रस्तेच मजला-दीड मजला वर उचलले. जुनी दुकानं तळघरात गेली आणि आता तिकीट काढून बघता येतात. पुढे टेकडीच पाण्याच्या फवाऱ्यांनी धुऊन समुद्रात ढकलली.

समुद्र हटवून जमीन केली ती केली, वर चौघांनी चूकही एकच केली. विसाव्या शतकात ऐन किनाऱ्यावर उंच रस्ते बांधून गाव आणि पाणी यांच्यामध्ये भिंत घातली. न्यूयॉर्कचा रस्ता १९७३ साली एका ट्रकखाली कोसळला. त्या ट्रकमध्ये त्याच रस्त्याच्या दुरुस्तीचं डांबर होतं! सॅन फ्रान्सिस्कोचा १९८९ च्या भूकंपाने खिळखिळा झाला आणि १९९१ साली पाडला. बॉस्टनने अब्जावधी डॉलर ओतून आपला बोगद्यात घातला. सिॲटलचा २००१ च्या भूकंपात हलला, पण उतरवायला २०१९ उजाडलं. आमच्या ऑफिसातली माणसं तो तुटताना बघायला डबे घेऊन गेली होती. २०२४ साली भावाने कोस्टल रोडचा व्हिडिओ पाठवला, वरळीहून मरीन ड्राइव्ह दहा मिनिटांत. मी अभिनंदन केलं आणि पुढचं काही बोलले नाही.

या सगळ्यात आश्चर्य वाटलं नाही ते आईला. २०१७ साली ती सॅन फ्रान्सिस्कोला आली होती. मार्केट स्ट्रीटवर एका पुतळ्याच्या पायथ्याशी पाटी आहे, १८४८ साली किनारा इथे होता असं सांगणारी. तिथे उभं करून मी तिला गाडलेल्या जहाजांची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "त्यात काय? मी नोकरीला लागले तेव्हा सचिवालयाच्या खिडकीतून समुद्र दिसायचा. मग ट्रक दिसायला लागले. मग नरिमन पॉइंट दिसायला लागला."

मग मी तिला मिलेनियम टॉवरकडे नेलं. अठ्ठावन्न मजली. खांब तेव्हा खडकापर्यंत नेलेलेच नव्हते. आदल्याच वर्षी जगजाहीर झालं होतं की इमारत सोळा इंच खचलीय आणि कललीही आहे. आईने पदर सावरत मान वर केली, बराच वेळ बघितलं.

"फ्लॅट केवढ्याला?"

मी सांगितलं.

"आणि मेंटेनन्स?"

तोही सांगितला.

"मग सोसायटीची मीटिंग कशी होत असेल गं यांची?" ती म्हणाली आणि कोपऱ्यावर बसायला बाक आहे का ते बघायला लागली.