बिनलेबलचं कापूस बियाणं : तक्रार केली त्याचा अनुभव

कर्नाटकातल्या आमच्या अथणी तालुक्यात मृगाच्या आधी पिशवीत बियाण्याची पाकिटं घालून फिरणारी माणसं येतात. गेल्या हंगामात एकानं कापसाचं पाकीट पुढं केलं. त्यावर कंपनीचं नाव नाही, लॉट नंबर नाही, उगवणीचा टक्का नाही. पावती मागितली तर "ती कशाला?" म्हणाला. वर सांगायला लागला, "खुशाल तणनाशक मारा. तण जळतंय, कापसाला काय होत नाही."

माल कसला ते तिथंच कळलं. आपल्या देशात शेतकऱ्यानं पेरायला मोकळं असलेलं जनुकीय बदलाचं पीक एकच, बीटी कापूस. २००२ साली एका जनुकाचा आला, २००६ साली दोन जनुकांचा. दोन्ही बोंडअळीपासून बचावासाठी. तणनाशक सोसणाऱ्या कापसाला मंजुरीच नाही.

मी घेतलं नाही. शेजारच्या पोरानं घेतलं आणि पेरलंही. त्याला विचारलं तर म्हणाला, "आण्णा, भांगलायला बायका मिळंनात. मिळाल्या तर हजेरी परवडंना. मी काय करू?" हे खोटं नाही. भांगलणीचा खर्च मलाही सोसवत नाही. पण ज्याची तपासणी झाली नाही, जे उगवलं नाही तर दाद कुणाकडं मागायची ते माहीत नाही, ते रानात घालणं मला पटत नाही.

कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात गेलो. अर्ज कन्नडमध्ये लिहून नेला होता. साहेबांचा पहिला प्रश्न, "कुणाच्या शेतात पेरलंय?" इथं मी अडलो. मंजुरी नसलेलं बियाणं पेरणाराही १९८६ च्या पर्यावरण कायद्यात अडकू शकतो. मी स्पष्ट सांगितलं, तक्रार विकणाऱ्याची आहे, शेत दाखवणार नाही. साहेबांनी ऐकून घेतलं, त्याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत.

मग त्यांनी एक गोष्ट समजावली, ती प्रत्येकाला माहीत पाहिजे. आपण नेलेल्या पाकिटावर खटला उभा राहत नाही. नमुना बियाणे निरीक्षकानंच, साक्षीदारांसमोर घ्यावा लागतो. म्हणजे माल कुठं ठेवलाय ते शोधणं आलं. ते चौकशी करून कळलं. पंच मिळवणं मात्र फार जड गेलं. गावात वैर कोण ओढवून घेणार? शेवटी एक निवृत्त गुरुजी आणि डेअरीचे सेक्रेटरी तयार झाले.

नमुन्याचे तीन भाग केले. एक ज्याच्याकडून घेतला त्याला, एक प्रयोगशाळेला, एक कोर्टासाठी राखून. तिन्हींवर सील आणि सह्या. साहेबांनी एक बी चेचून नळीतल्या द्रावणात पट्टी बुडवूनही बघितली. थोड्याच वेळात दोन रेघा उमटल्या, म्हणजे तणनाशक सोसणारं जनुक असल्याची खूण. ही पट्टी नुसता अंदाज देते, खरा आधार प्रयोगशाळेच्या अहवालाचा.

या निमित्तानं त्याच पर्यावरण कायद्याखालचे, जनुक बदललेल्या जिवांसाठीचे १९८९ चे नियम वाचून घेतले. मंजुरी देणारी समिती दिल्लीत, पण त्याच नियमांत जिल्हा पातळीवरही समिती सांगितली आहे. अध्यक्ष जिल्हाधिकारी, सदस्यांत जिल्ह्याचे कृषी अधिकारी. प्रयोगशाळेबाहेर अशा जिवांचा वापर कसा होतोय यावर नजर ठेवणं तिचं काम. धारवाडच्या कृषी विद्यापीठानं बीटी वांग्यासाठी, म्हणजे तसंच जनुक बदललेल्या वांग्यासाठी, ज्या स्थानिक जाती घेतल्या, त्यांत आमच्या शेजारच्या कुडचीचं वांगंही होतं. ९ फेब्रुवारी २०१० ला केंद्रानं बीटी वांगं थांबवलं, त्याआधी देशभर जनसुनावण्या झाल्या. एका वांग्यासाठी एवढी चर्चा होते, आणि हे बियाणं मात्र पिशवीतून थेट सरीत पडतं. माझं मागणं एवढंच आहे, या समितीनं पेरणीआधी, मे महिन्यातच गावोगावी फिरावं. तसा लेखी अर्ज डीसी साहेबांकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे, दिला आहे.

तुमच्याकडं असं पाकीट आलं तर फोडू नका, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, आणि माल कुठं साठवलाय ते कळलं की आधी निरीक्षकाला सांगा. विकणाऱ्याला चाहूल लागली तर माल रातोरात सीमेपलीकडं जातो.