संपाच्या वर्षीचा गणपती आणि चंद्रावरची गिरणी

लालबाग-परळमध्ये वाढलेली माणसं साल लक्षात ठेवतात ती गणपतीवरून. कुठल्या वर्षी कुठला देखावा होता, पाऊस किती होता, विसर्जनाला घरी किती वाजता आलो, यावरून आमची वयं मोजली जातात. चिंचपोकळीचं मंडळ १९२०चं, गणेश गल्लीचं १९२८चं, लालबागच्या राजाचं १९३४चं. एवढ्या मोठ्या शेजारात आमच्या चाळीचं मंडळ अगदी लहान. चौकात मंडप, लाकडी बाकड्यांचं स्टेज आणि पाच संध्याकाळचे कार्यक्रम. एक दिवस पडद्यावर सिनेमा, एक दिवस ऑर्केस्ट्रा, एक दिवस बायकांचं हळदीकुंकू, एक दिवस बाहेरून आणलेलं नाटक. मुलांचं 'विविध गुणदर्शन' उरायचं ते आरतीच्या आधीच्या अर्ध्या तासात. पाठ केलेली नाट्यछटा, एखादं कोळीनृत्य, आणि कंपासपेटीचं बक्षीस.

१९८२ साली त्या पाचही संध्याकाळी आमच्या झाल्या.

१८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला होता. साठाहून जास्त गिरण्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार. आमच्या चाळीत तर ज्याच्या घरात गिरणीवाला नाही असा दरवाजा शोधावा लागला असता. बाबा साचेखात्यात होते. साचा म्हणजे कापड विणायचा माग. महिना-दोन महिन्यांत मिटेल असं सगळेच म्हणत होते. होळी गेली, पाडवा गेला. मे महिन्यात गावी गेलेली कितीतरी बिऱ्हाडं जूनमध्ये परत आलीच नाहीत, कारण गावी निदान भात होता. वाण्याच्या वहीत आमच्या नावाचं पान भरलं आणि दुसरं सुरू झालं. घरातली तांब्या-पितळेची भांडी एकेक करून कमी झाली, ते आईने आम्हाला सांगितलं नाही, पण फळी दिसत होती.

हे सगळं आम्हाला कळत होतं. मुलांना काही कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी त्या वर्षी आमच्या कुणाच्याही घरी जेवायला बसून बघायला हवं होतं. तरीही त्याच वर्षी आम्ही सर्वांत मोकळे होतो, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

मोकळेपणाचं पहिलं कारण अगदी साधं. गिरण्या चालू असताना चाळीत दिवसाढवळ्या आवाज करायची सोय नव्हती. प्रत्येक मजल्यावर कुणीतरी रातपाळी करून आलेलं झोपलेलं असायचं. गॅलरीत जरा पळालो की आतून आवाज यायचा, "रातपाळीचा माणूस झोपलाय, खाली मरा!" संपात रातपाळीच नाही म्हटल्यावर तो दरारा संपला. पुरुषमाणसं सकाळी सभेला जायची, कामं शोधत फिरायची, आयांनी राख्या नाहीतर पाकिटं चिकटवायची कामं घरी आणलेली. आमच्यावर नजर ठेवायला कुणाला सवड नव्हती. गिरणीच्या बाजूच्या रस्त्यावर ट्रक येईनात, तिथे लगोरी आणि डब्बा ऐसपैस दिवे लागेपर्यंत चालायचं. सूत गुंडाळायची जुनी लाकडी बॉबिनं घरोघर होती. तीच आमची माणसं, तीच रॉकेटं, तोच किल्ला.

हा मोकळेपणा सर्वांना सारखा मिळाला नाही, हेही सांगायला हवं. चौदा-पंधरा वर्षांचे दादा लोक शाळा सोडून हातगाडीवर, कॅन्टीनमध्ये, पेपर टाकायला गेले. मुलींच्या वाट्याला चिकटवण्याचं काम आणि पाणी आलं. मुली रस्त्यावर खेळायला येत नसत. मंडपात मात्र त्यांना कुणी अडवत नसे, म्हणून मंडपाचं मोल त्यांना आमच्यापेक्षा जास्त होतं.

जुलैमधली मंडळाची मीटिंग जिन्याखाली झाली. पावतीपुस्तकं छापायची की नाही यावरच दोन तास गेले. शेवटी ठरलं, ज्याला जमेल त्याने जमेल ते द्यायचं, पण बाप्पा बसणार. छोटी शाडूची मूर्ती, घरातल्या साड्यांची आरास, प्रसादाला चुरमुरे आणि खोबऱ्याचे तुकडे. सिनेमा, ऑर्केस्ट्रा, नाटक रद्द. मग पाच संध्याकाळी करायचं काय? आमच्या मंडळाचे कार्यवाह, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, पायऱ्यांवर बसलेल्या आमच्याकडे वळले आणि म्हणाले, "पोरांनो, स्टेज तुमचं. काय करायचं ते करा. पण रोज काहीतरी झालं पाहिजे."

कुठल्याही मोठ्या माणसाने आम्हाला एवढी मोठी वस्तू त्याआधी दिली नव्हती.

पहिल्या चार संध्याकाळी नकला, भेंड्या, एक भुताची गोष्ट आणि कोकणातल्या दोघा काकांनी शिकवलेलं जाखडी नृत्य यांत गेल्या. पाचव्या संध्याकाळसाठी आम्ही नाटक लिहिलं. नाव होतं 'चंद्रावरची गिरणी'. विज्ञानाच्या पुस्तकात वाचलं होतं की चंद्रावर वजन एक षष्ठांश होतं. त्यावरून तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीने पहिलं वाक्य दिलं : "इथं दोन हंडे घेऊन तिसऱ्या माळ्यावर उडत जाता येतं." रोज पहाटे नळावर रांग लावणाऱ्या मुलीलाच ते सुचणार. मग एकेकाने आपली भर घातली. चंद्रावर पाळ्या नाहीत, कारण तिथली रात्र चौदा दिवसांची. तेवढी झोप सगळ्यांना पुरते. मालक व्हायला कुणीच तयार होईना, म्हणून चंद्रावरच्या सशाला मालक केलं. पगार बटाटेवड्यात.

चंद्र चंदेरी करायचा तर चांदी हवी. एरवी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद रस्त्यावर हवा तेवढा मिळायचा. त्या वर्षी सगळे विडीवर आलेले, त्यामुळे आम्ही भारतमाता सिनेमापासून काळाचौकीपर्यंत पानाच्या गाद्यांखाली वाकून कागद वेचले. ओल्या कागदाला चिकटलेलं पातळ पान नखाने सोडवायचं, पुस्तकात दाबून वाळवायचं, मग मांडीवर ठेवून चमच्याच्या पाठीने घासायचं की सुरकुत्या जातात. असा एकेक कागद खळ लावून पुठ्ठ्यावर बसवत आमचा चंद्र तयार झाला, परातीएवढा.

गणपतीच्या तोंडावरच, १८ ऑगस्टला, मुंबईच्या पोलिसांचं बंड झालं. जाळपोळ झाली, लष्कर आलं, आमच्या भागात संचारबंदी लागली. मूर्ती आणायला मिळेल की नाही याचीच सगळ्यांना चिंता. आम्ही गॅलरीत बसून संवाद पाठ करत होतो.

तालमीत अडचण आली ती गिरणीच्या आवाजाची. लोखंडी खाट उभी करून आम्ही साचा केला होता आणि एक मुलगा डबा बडवायचा. सोळा नंबरचे मामा दारात बसून हे बघत होते. सहसा बोलत नसत, संपात तर अजिबातच नाही. ते उठून आले, मुलाच्या हातातला डबा काढून घेतला आणि म्हणाले, "साचा असा नाय वाजत." दोन बॉबिनं मागितली. एक बाकड्यावर आपटलं, दुसरं लगेच त्याच्या मागे, मग किंचित थांबून पुन्हा. "हा धोटा तिकडं गेला. हा परत आला. मधी फणी बसते, ती विसरू नको." त्या मुलाचे दोन्ही हात धरून त्यांनी पंधरा-वीस मिनिटं ती लय त्याच्या हातात बसवली. त्यांच्या बोटांना ती इतकी ठाऊक होती की ते तिकडे बघतही नव्हते.

नाटकाच्या रात्री जिलेटिनच्या निळ्या उजेडात चंद्र चमकला, पडदा म्हणून बांधलेली चादर अर्ध्यात अडकली, आणि साचा वाजायला लागला. थोडा वेळ सगळे गप्प. मग मागून कुणीतरी म्हणालं, "एका साच्यानं खातं होतंय व्हय?" ते बाबा होते. त्यांनी बाकड्यावर तोच ताल धरला. शेजारच्याने धरला, मग मागच्या सगळ्या रांगांनी, कुणी मांडीवर, कुणी मंडपाच्या वाशावर. संवाद ऐकू येईनात. आम्ही नुसते उभे राहून ऐकत होतो. पुढे बसलेल्या आमच्या आयांपैकी बहुतेकींनी गिरणीत कधी पाऊल टाकलं नव्हतं. नवरा दिवसभर कशात उभा असतो ते त्यांनी त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं. आई घरी आल्यावर बाबांना म्हणाली, "एवढा आवाज असतो? मग घरी आल्यावर बोलत नाही त्यात नवल काय."

ही माणसं स्टेजला परकी नव्हतीच. गावी नमन-खेळे आणि दशावतारात उभी राहिलेली, परळच्या दामोदर हॉलमध्ये कामगारांची नाटकं बघितलेली. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाच्या आठवणी म्हातारी मंडळी तेव्हाही सांगत. पोरांच्या नाटकात शिरायला त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

आज मंडळं मुलांसाठी नृत्य बसवायला बाहेरून शिक्षक आणतात, पोशाख भाड्याने आणतात, गाणी तयार. मुलं छान नाचतात. पण मुलांच्या डोक्यातून आलेलं त्यात काय असतं, हे मी दर वर्षी शोधतो आणि फार कमी सापडतं. मंडळात आहे म्हणून प्रत्येक मीटिंगला सांगतो : एक संध्याकाळ मुलांना द्या, आणि तिच्यावर एक रुपयाही खर्च करू नका.

संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. लाखाहून अधिक लोकांची नोकरी गेली, बाबांचीही. त्यांनी पुढे एका सोसायटीत वॉचमनचं काम धरलं. सोळा नंबरचे मामा पुढच्या शिमग्याला गावी गेले ते तिकडचेच झाले. आमच्या मंडळाची वर्गणी पुन्हा जमायला लागली, १९८५ला ऑर्केस्ट्रा परत आला आणि मुलांचा कार्यक्रम पुन्हा अर्ध्या तासावर आला. आम्ही अण्णांशी भांडलो. ते म्हणाले, लोकांना आता बाहेरचं हवंय. मग आम्ही चादर सोडून जिन्याखाली बांधली, तिथेच नाटकं केली आणि चार-चार आणे तिकीट लावलं. पहिलं तिकीट अण्णांनी घेतलं.