फ्री पीएसएच्या रिपोर्टसाठी घातलेले हेलपाटे

रात्री तीन-तीनदा लघवीला उठावं लागायचं, म्हणून डॉक्टरांकडे गेलो. पहिला पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं प्रथिन, ते रक्तात मोजतात) ७.८ आला. लघवीत जंतुसंसर्गही निघाला. डॉक्टर म्हणाले, संसर्गानेही पीएसए चढतो. गोळ्यांचा कोर्स संपवा, सहा आठवडे थांबा, मग टोटल (एकूण पीएसए) आणि फ्री (त्यातला रक्तात मोकळा फिरणारा भाग) दोन्ही करा. ४ ते १० च्या दरम्यान आकडा असला की एकट्या टोटलवरून फारसं कळत नाही. फ्रीचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर असेल तर कॅन्सरची शक्यता कमी, १० च्या खाली असेल तर जास्त.

सहा आठवडे कसे काढले ते माझं मला माहीत.

चिठ्ठीवर ‘पीएसए टोटल + फ्री’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. रक्त दिलं. दोन दिवसांनी रिपोर्ट आला, त्यात एकच ओळ: टोटल ५.९. तसाच लॅबमध्ये गेलो. काउंटरवरच्या मुलीने स्क्रीनकडे बघत सांगितलं, “काका, एंट्री टोटलचीच झालीय.” मी चिठ्ठी पुढे सरकवली. तिने वाचली आणि म्हणाली, “हो, पण पावतीवर नाहीये ना.” पावती मी बघितलीच नव्हती, घडी घालून खिशात टाकली होती. त्याच रक्तातून फ्री करा म्हटलं, तर सॅम्पल आता चालणार नाही. ते खरंच होतं. फ्री पीएसए नुसत्या ठेवलेल्या रक्तात घटत जातो, सीरम वेळेत वेगळं करून थंड ठेवावं लागतं. पण चूक त्यांची आणि सुई पुन्हा मला! साधं ‘सॉरी’सुद्धा कोणी म्हटलं नाही. वर पुढचे चार दिवस फोन केला की एकच उत्तर, “प्रोसेसमध्ये आहे.” कॅन्सर आहे की नाही या विचाराने ज्याची झोप उडालीय, त्याला असं उत्तर देऊ नये.

म्हणून सांगतो, सुई टोचून घेण्याआधी पावती वाचा. नळीवर स्टिकर लागतो तेव्हाही विचारा, “फ्री पण आहे ना?”

रिपोर्ट आला: टोटल ५.७, फ्री १.६, म्हणजे २८ टक्के. पायरीवरच बसलो आणि घरी फोन लावला. हिला बोलवेना. डॉक्टरांनी बोटाने तपासलं होतं त्यातही गाठ नव्हती. ग्रंथी वाढलीय, बायोप्सी तूर्त नको, सहा महिन्यांनी पुन्हा पीएसए.

उपाशीपोटी जायची गरज नसते. मात्र आधीचे दोन दिवस सायकल आणि शरीरसंबंध टाळायला सांगतात, त्याने आकडा वाढू शकतो. शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये करा, किट बदललं की आकडाही थोडा बदलतो. मीही चिडूनसुद्धा तिथेच जाणार आहे. आणि फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड (वाढलेल्या प्रोस्टेटवरची औषधं) चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. काही महिने घेतल्यावर पीएसए जवळजवळ निम्मा दिसतो. केस गळतीवर देतात त्या गोळीतही फिनास्टेराइड असतं, ते बरेचजण सांगायचं विसरतात.