बार्जचे प्रकरण

पुण्यातील एका प्रकाशनसंस्थेसाठी मी हस्तलिखितांचे संपादन करतो. संपादक म्हणजे भाषा सुधारणारा माणूस अशी समजूत आहे. प्रत्यक्षात कादंबरीत युद्ध आले की माझा निम्मा वेळ पंचांग, नकाशे आणि घड्याळे यांत जातो. गेल्या पावसाळ्यात आलेल्या हस्तलिखितातील युद्ध खरे होते, पण त्यातली स्वारी घडलेली नव्हती. जर्मनीने सप्टेंबर १९४० मध्ये इंग्लिश खाडी ओलांडून इंग्लंडवर सैन्य उतरवले असते तर, अशी ती कल्पना. पूर्वार्धात स्वारी होती आणि उत्तरार्धात जर्मन अमलाखालचे लंडन. त्या लंडनमध्ये अडकलेला एक मराठी विद्यार्थी नोंदणीच्या रांगेत उभा आहे आणि 'तू कोणाचा प्रजाजन?' या प्रश्नाला कोणते उत्तर कमी धोक्याचे, हे त्याला ठरवता येत नाही. इतके चांगले पान मी बऱ्याच वर्षांत वाचले नव्हते.

पूर्वार्धाच्या समासात मात्र माझ्या नोंदी मावेनात. त्या घेऊन लेखक आणि मी कार्यालयात दिवसभर बसलो. जर्मन सैन्य २१ सप्टेंबरला 'अमावास्येच्या गडद अंधारात' निघते, असे त्यांनी लिहिले होते. त्या वर्षी १६ सप्टेंबरला भाद्रपद पौर्णिमा होती, म्हणजे पितृपक्ष नुकताच लागला होता आणि मध्यरात्री चांगला मोठा चंद्र आकाशात असणार होता. जर्मन आरमाराला तो हवाही होता, कारण अननुभवी खलाशांच्या हाती असलेले तांडे चंद्रप्रकाशाशिवाय एकत्र राहणे अशक्य होते. शिवाय जर्मन घड्याळ ब्रिटिश घड्याळापेक्षा एक तास पुढे होते. हस्तलिखितात दोन्ही किनाऱ्यांवर एकाच वेळी पाच वाजत होते. आमच्या मुद्रितशोधकांनी याच प्रकरणातील ऱ्हस्वदीर्घाच्या सगळ्या चुका काढल्या होत्या आणि घड्याळाकडे ढुंकूनही पाहिले नव्हते.

खरा वाद बार्जवरून, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू होड्यांवरून झाला. जर्मनीकडे सैन्य उतरवण्याची खास जहाजे जवळजवळ नव्हती. म्हणून ऱ्हाइनवर आणि हॉलंड, बेल्जियम, फ्रान्स येथील कालव्यांत चालणाऱ्या सुमारे २,४०० बार्ज गोळा करून त्यांतल्या अनेकांची नाळ, म्हणजे पुढचे टोक, कापून तेथे उतरणीची फळी बसवण्यात आली. मांडवी नदीत खनिज वाहणारी बार्ज ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी ती भर पावसाळ्यात समुद्रात नेण्याचा विचार करून पाहावा. बहुतेकांना स्वतःचे इंजिन नव्हते. एका टगबोटीमागे दोन बार्ज बांधून दोन-तीन नॉट, म्हणजे ताशी चार-साडेपाच किलोमीटर वेगाने जायचे होते. डोव्हरपाशी खाडी सर्वांत अरुंद, म्हणजे सुमारे ३४ किलोमीटर आहे. तेवढ्यालाच किमान सहा तास लागतात आणि भरतीचा आडवा प्रवाह कधीकधी त्या वेगाहूनही जोरदार असतो. लेखकांच्या बार्ज दीड तासात पोहोचत होत्या.

"अहो, सगळेच कल्पित आहे. तेवढी सूट लेखकाला नको का?" ते म्हणाले.

मी म्हणालो, "सर, सूट एकदाच मिळते. जर्मन विमानदलाने आकाश जिंकले, ही तुमची सूट. ती तुम्ही वापरली आहे. ब्रिटिश आरमार जागच्या जागी आहे."

मग मी त्यांना १९७४ मध्ये सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत याच स्वारीवर खेळल्या गेलेल्या युद्धखेळाची हकिगत सांगितली. पंचांमध्ये आडोल्फ गालांट आणि फ्रीडरिश रूगे हे मुरलेले जर्मन अधिकारीही होते. त्या खेळात सैन्य किनाऱ्यावर उतरले, पण ब्रिटिश आरमार खाडीत आल्यावर मागून येणारी रसद तुटली आणि उतरलेले सैन्य अडकून पडले. लेखक बराच वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी विचारले, "मग माझा उत्तरार्ध कुठे जातो?"

केंटच्या किनाऱ्यावर लढणारी मराठा पलटण काढायला ते लगेच तयार झाले. त्या वर्षी इंग्लंडमध्ये असलेली हिंदी तुकडी म्हणजे खेचरांच्या कंपन्या. डिसेंबर १९३९ मध्ये मुंबईहून फ्रान्सला गेलेल्या आणि डंकर्क या फ्रेंच बंदरातून झालेल्या माघारीनंतर इंग्लंडला पोहोचलेल्या. त्यांत बहुतांश पंजाबी मुसलमान होते. आपल्याकडे प्रत्येक रणांगणावर मराठा पलटण नेण्याची हौस आहे. पूर्व आफ्रिकेत, इरिट्रियातील केरनला त्या खरोखर लढल्या, ते मात्र फारसे कोणी लिहीत नाही. विद्यार्थ्याला फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या जर्सी या ब्रिटिश अमलाखालील बेटावर न्यावे, असे मी सुचवले. जर्सीसह सगळी चॅनेल बेटे १९४० पासून मे १९४५ पर्यंत खरोखर जर्मनांच्या ताब्यात होती, तेथे नोंदणी होती, ओळखपत्रे होती, घड्याळेही जर्मन वेळेवर होती. "जर्सीत मराठी मुलगा शिकायला कशाला जाईल?" या त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

महिन्याभराने त्यांनी नवा आराखडा पाठवला. डंकर्कहून निसटलेले सुमारे ३,३८,००० सैनिक त्यात निसटतच नाहीत, चर्चिल यांच्याऐवजी तेव्हाचे परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स पंतप्रधान होतात आणि ब्रिटन तह करतो. तर्काला हे पुष्कळ अधिक धरून आहे, फक्त स्वारीच्या कादंबरीतून स्वारी गेली. प्रकाशकांनी हवाई छत्र्या आणि बार्ज असलेले मुखपृष्ठ आधीच करून घेतले होते, आणि वाचक तहासाठी पैसे देत नाही, असे त्यांचे स्पष्ट मत आहे. मुखपृष्ठ आधी आणि मजकूर नंतर, या पद्धतीबद्दल मी पूर्वीही बोललो आहे. उपयोग होत नाही.

माझी अडचण वेगळी आहे. तह झाला तर लंडनमध्ये जर्मन सैनिक येण्याचे कारणच उरत नाही, आणि रांगेचे ते पानही जाते. म्हणून मी आराखड्याला अजून होकार दिलेला नाही. सध्या मी २२ जून १९४० च्या फ्रान्सच्या युद्धविरामाची कलमे वाचतो आहे. त्यांत देशाचा मोठा भाग जर्मनांच्या ताब्यात गेला होता आणि आरमार बंदरांत निःशस्त्र ठेवायचे होते. स्वतःचे आरमार शाबूत असताना हॅलिफॅक्स यांनी असल्या कलमावर सही का करावी, याचे पटण्याजोगे कारण लेखकांना सापडलेले नाही आणि मलाही नाही.