आधी सोंड बघा

"साल नंतर बघा, आधी सोंड बघा," असे म्हणत मुंबईच्या फोर्टमधल्या एका नाणेविक्रेत्याने आज पंचम जॉर्जचा १९११ चा चांदीचा रुपया भिंगाखाली धरला. राजाच्या झग्यावर कोरलेला हत्ती आखूड सोंडेमुळे खरोखरच डुकरासारखा दिसत होता.

त्या काळी त्यावरून डुक्कर निषिद्ध मानणाऱ्या लोकांत असंतोष पसरला, सरकारने बहुतेक नाणी मागे घेऊन वितळवली आणि १९१२ च्या रुपयावर हत्तीला लांब सोंड व ठळक कान दिले, म्हणूनच ११.६६ ग्रॅमचा तो पहिला रुपया आज दुर्मीळ आहे.

रोजच्या बाजारहाटात, भिंगाशिवाय, नखाहूनही लहान चित्र इतक्या बारकाईने पाहणाऱ्या त्या माणसांविषयी मला राहून राहून आदर वाटतो आहे. आपल्या खिशातल्या नाण्यावर काय कोरले आहे, हे तुम्ही कधी नीट पाहिले आहे का?