भीमेत उतरताना: उजनी, पंढरपूर, कुडल

सोलापूरहून टेंभुर्णीमार्गे उजनी, मुक्काम पंढरपूरला, दुसऱ्या दिवशी हत्तरसंग कुडल. एप्रिलमधला हा भीमेकाठचा दोन दिवसांचा फेरा. देवळांवर आणि पक्ष्यांवर पुष्कळ लिहून झालंय. इथे फक्त पाण्यात उतरायचं की नाही, एवढंच.

उजनीच्या फुगवट्याला काठाशी हिरवी साय धरली होती. पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीवाटे इथेच येऊन साठतं. त्यातलं नत्र आणि स्फुरद उन्हात या सायीला पोसतं. ओळखायचं कसं? काठी बुडवून वर काढा. हिरवे धागे लोंबले तर बहुधा साधं शेवाळ. रंगाच्या डब्यात बुडवल्यासारखी माखून निघाली तर निळं-हिरवं शेवाळ समजा. हे खरं तर जिवाणूच, आणि यातले काही यकृताला घातक विष सोडतात. पाणी उकळलं तरी हे विष जात नाही, तुरटीने तर नाहीच. अशा काठावर लहान मुलांना आणि कुत्र्याला अजिबात सोडू नका.

चंद्रभागेचं पाणी वरून किती सोडलंय त्यावर ठरतं. विसर्ग चालू असेल तर वाहतं पाणी मिळतं (पण ओढही असते). बंद झाला की उरतात ती डबकी. स्नानाच्या पाण्याचा सरकारी निकष 100 मिलिलिटरमागे विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू 500 पर्यंत, फार तर 2500, असा आहे. डोळ्यांना ते दिसत नाहीत. म्हणून गुडघाभर पाण्यात स्वतःची पावलं दिसत नसतील तर पुढे जाऊ नका, आणि जोराच्या पावसानंतर तीन दिवस थांबा, कारण पहिला लोंढा गटारं आणि उकिरडे धुऊन आणतो. आचमनाला घरचं पाणी न्या. श्रद्धा आहेच, पण हगवण आणि कावीळ याच ओंजळीतून येतात.

बुडी मारायचीच असेल तर नाक दाबून, आणि तीही कोमट, साचलेल्या डोहात नको. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमिबा अशाच पाण्यात वाढतो. तो पोटात गेल्याने काही होत नाही. नाकात पाणी जोराने घुसलं की मात्र मेंदूपर्यंत पोचतो. हा आजार अत्यंत विरळ, पण झाला तर वाचणारे अगदी थोडे. सूर मारणं आणि तळाचा गाळ ढवळणं टाळा. जलनेतीला नदीचं पाणी कधीच नको. उकळून गार केलेलंच घ्या.

कुडलला भीमा-सीनेच्या संगमावर म्हशी डुंबतात, काठ चिखलाचा. इथे काळजी लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरा जिवाणूची. गुराढोरांच्या आणि उंदरांच्या मुतातून पाण्यात आलेला हा जंतू कातडीवरच्या चिरेतून आत शिरतो. टाचेला भेग किंवा पायाला जखम असेल तर काठावरूनच दर्शन घ्या. चिकटपट्टी पाण्यात सुटू शकते. बाहेर आल्यावर साबण आणि सोबतचं स्वच्छ पाणी वापरा, माणशी पाच लिटर पुरतं.

परतल्यावर बारा दिवसांत तीव्र डोकेदुखी, ताप, उलट्या आणि मान ताठणं, किंवा महिनाभरात तापासोबत पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही दिसलं, तर घरी वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा. डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता कुठल्या पाण्यात, कुठल्या तारखेला उतरलात आणि नाकात पाणी गेलं होतं का, हे आधी सांगा.